हवा सोडायची कुणाची?

अमुक एक गोष्ट आपल्याला येत नाही, असं मास्तरांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं आणि त्या जोरावर त्यांनी घरातलं घड्याळ उघडलं, मिक्सर उघडला, एकदा तर शेजाऱ्याच्या पायाचं प्लास्टर उघडायला निघाले होते. उघडलेलं पुन्हा बंद करायची वेळ आली की मात्र त्यांना नेमकं कुठलं तरी पुस्तक आठवायचं आणि ते आतल्या खोलीत जायचे. मास्तरीणबाईंच्या माहेरचं घड्याळ अजून एका पिशवीत आहे.

निवृत्तीनंतर दोघं लेकीकडे राहायला आले, त्याला आठ महिने झाले होते. जावई कॉम्प्रेसरवाला. घरामागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये तो पिवळा कॉम्प्रेसर, दोन चाकांवर उभा. पुढे लांब दांडी. ती जीपच्या मागच्या हुकात अडकवली की निघाला हवेच्या जोरावर रस्ते फोडायला. जावई रोज सकाळी वीस मिनिटं त्याची देखभाल करायचा आणि मास्तर खिडकीतून ती बघायचे. दोनदा ते बाह्या सरसावून खालीही उतरले होते. दोन्ही वेळा जावई अदबीनं म्हणाला होता, "बाबा, तुम्ही बसा ना आरामात."

आता माणसानं आराम तरी किती करायचा? पेपर वाचून होई, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून होत, तरी दहा वाजलेले नसत. या घरात आपण नुसते जेवणापुरते उरलोय, हे मास्तरांना आत कुठे तरी खुपत होतं. बोलून दाखवत नव्हते, एवढंच.

आणि मग त्या बुधवारी जावयाची अक्कलदाढ उठली. गाल असा सुजला, की लेकीनं त्याला सकाळी साडेआठलाच गाडीत घालून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दिवस मात्र मोठा वाईट निवडला होता दाढेनं. अकरा वाजता पाणीपुरवठा खात्याच्या इंजिनिअरबाई कॉम्प्रेसर बघायला येणार होत्या. यंत्र पसंत पडलं, तर त्यांच्याच जीपला जोडून घेऊन जाणार आणि वर्षभराचं काम पक्कं. नाही पडलं, तर दुसऱ्या कुणाचा तरी कॉम्प्रेसर जाणार. या कामासाठी जावयानं चार महिने त्या ऑफिसचे जिने झिजवले होते.

निघताना जावयानं गालावर हात दाबून कसंबसं सांगितलं, "बाबा, आज तेवढी रोजची देखभाल बघाल का? काय काय करायचं ते मेसेज करतो. सोपं आहे."

मास्तरांना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण चेहऱ्यावर त्यांनी तो दिसू दिला नाही. "तुम्ही निश्चिंत जा हो," ते म्हणाले. "दाढेकडे लक्ष द्या. यंत्राचं मी बघतो."

नऊ वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला. डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडाचा आ केलेल्या अवस्थेत लिहिलेला असावा, कारण तो असा होता:

हवा सोडायची टाकीची चाकांची बघायची तेलाची पातळी तपासायची जाळी झटकायची ताडपत्री घालायची

मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि डोळे मिटून घेतले. "ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम," ते मास्तरीणबाईंना म्हणाले. "हे वाक्य आहे की मालगाडी?"

"फोन करून विचारा त्यांना."

"कुणाला? तोंडात दोन चिमटे असलेल्या माणसाला? आणि विचारायचं काय त्यात? माझं आयुष्य गेलं वाक्यं फोडण्यात."

त्यांनी कागद घेतला, लाल पेन घेतलं, आणि मालगाडीचे डबे सोडवायला बसले. पाच मिनिटांत यादी तयार झाली. अक्षर इतकं सुबक, की भिंतीवर लावावं.

१. हवा सोडायची: टाकीची, चाकांची.
२. बघायची तेलाची पातळी.
३. तपासायची जाळी.
४. झटकायची ताडपत्री.
५. घालायची.

मास्तरीणबाईंनी चष्मा लावून यादी वाचली. "अहो, चाकांची हवा सोडायची? मग ते जीपमागून जाणार कसं?"

"आपण काम करत असताना यंत्र घरंगळू नये म्हणून. सुरक्षिततेचा भाग आहे तो."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वाक्यरचनेनं," मास्तर म्हणाले आणि शेडकडे निघाले.

टाकीच्या खाली एक छोटा कॉक होता. जावयाला तो पिळताना त्यांनी खिडकीतून शंभर वेळा बघितलं होतं. त्यांनी पिळला. टाकीनं एक उसासा टाकला, चमचाभर गढूळ पाणी थुंकलं आणि गप्प झाली. कालपासून बंदच होती ती, तिच्यात कितीशी हवा असणार! मास्तरांचा जरा हिरमोड झाला. चाकांनी मात्र निराश केलं नाही. हवा भरायच्या नळीच्या तोंडातली पिन खिळ्यानं दाबली, तर अशी फुसफुस सुरू झाली, की शेजारचं मांजर भिंत ओलांडून पळालं. एकेका चाकाला दहा दहा मिनिटं लागली. मास्तर उकिडवे बसून, घाम पुसत, शेवटचा श्वास जाईपर्यंत पिन दाबून होते. अर्धवट काम त्यांना कधीच आवडलं नाही. काम संपलं तेव्हा कॉम्प्रेसर म्हशीसारखा बसला होता.

पुढचं सगळं सोपं गेलं. तेलाची पट्टी बाहेर काढून बघितली, तेल दोन खुणांच्या मधोमध होतं. बरोबर अशी खूण केली. मग हवेच्या फिल्टरची जाळी तपासली. म्हणजे झाकण उघडून, जाळी जागेवर आहे ना, ते बघितलं. होती. तिच्यावर बोटभर धूळ होती, पण झटकायचं कलम पुढे ताडपत्रीला लागू असल्यामुळे मास्तरांनी जाळीला हात लावला नाही. ताडपत्री तेवढी झटकली. चार वर्षांची धूळ होती तिच्यात. त्यातली निम्मी मास्तरीणबाईंनी नुकत्याच वाळत घातलेल्या चादरींवर बसली आणि निम्मी मास्तरांवर.

"चादरी!" आतून आवाज आला.

"चौथं कलम आहे," मास्तर खोकत म्हणाले.

आता उरलं पाचवं. घालायची. काय घालायची? मास्तर पायरीवर बसले. क्रियापद स्त्रीलिंगी, म्हणजे घालायची वस्तू स्त्रीलिंगी. कर्म गाळलेलं आहे, ते अध्याहृत धरायचं. मास्तरीणबाई चादरी झटकत झटकत बाहेर आल्या, तर त्यांना पकडून विचारलं, "घालायची म्हटलं की काय आठवतं तुला?"

"शीळ घालायची. गळ घालायची. समजूत घालायची. तुमची घालता घालता जन्म गेला माझा."

"यंत्राच्या संदर्भात बोल."

"फुंकर घालायची मग."

मास्तरांनी फुंकरीचा क्षणभर गंभीरपणे विचार केला, हे कबूल करायला हवं. पण तेवढ्यात त्यांची नजर शेडमधल्या खिळ्याकडे गेली. तिथं जावयाची पिवळी, प्लास्टिकची, डोकं फुटू नये म्हणून घालायची टोपी लटकत होती. टोपी! स्त्रीलिंगी! मास्तरांनी ती घातली. कानांवरून खाली आली, पण घातली. पाचव्या कलमापुढे बरोबर अशी खूण केली, आणि पूर्ण झालेल्या यादीखाली सही करून तारीख टाकली.

सव्वादहा वाजले होते. मास्तर कॉम्प्रेसरभोवती एक फेरी मारून आले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की यादीत हवा सोडायची आहे, पण परत भरायची कुठेच नाही. जावई विसरला असणार. दाढ दुखत असताना माणसाला काय काय लक्षात राहणार? काही हरकत नाही, एवढी गोष्ट आपणच करून टाकू, म्हणून ते टोपीसकट रस्त्याच्या टोकाला पंक्चरवाल्याकडे गेले.

"हवा भरायचीय," मास्तर म्हणाले.

"कशात?"

"कॉम्प्रेसरमध्ये."

पंक्चरवाल्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली. "मास्तर, कॉम्प्रेसरमध्ये हवा भरत नसतात. कॉम्प्रेसरनं भरतात."

"त्याच्या चाकांत हो. दोन्ही पार बसलीयत."

"पंक्चर?"

"नाही. सोडलीय. पद्धतशीर."

पंक्चरवाल्याला काही कळलं नाही, पण माणूस भला. त्याच्या स्वतःच्या हवेच्या मशिनची मोटर सोमवारीच जळली होती. तीन दिवस तो पायानं दाबायच्या पंपावर दिवस काढत होता. तोच पंप खांद्यावर टाकून तो मास्तरांबरोबर आला. कॉम्प्रेसर बघितल्यावर मात्र त्यानं डोक्याला हात लावला. "मास्तर, हा पंप स्कुटरचा आहे. ही चाकं जीपची आहेत."

"हवा तीच असते," मास्तर म्हणाले.

पंक्चरवाल्यानं शंभर वेळा पाय मारला. मग मास्तरांनी चाळीस मारले आणि हातानं भिंत धरली. मग मास्तरीणबाईंनी पदर खोचून तीस मारले आणि मास्तरांना बरंच काही ऐकवलं. इतकं करून डावं चाक बोटभर उचललं गेलं होतं. उजवं जमिनीलाच चिकटून होतं. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

"पण सोडलीच कशाला म्हणतो मी?" पंक्चरवाला धापा टाकत म्हणाला.

मास्तरांनी फोन त्याच्यापुढे धरला. "लेखी सूचना आहे."

पंक्चरवाला चौथीतून शाळा सोडलेला माणूस. त्याला विरामचिन्हांशी देणंघेणं नव्हतं. त्यानं आपला जसा दम लागला होता तसा, मध्ये मध्ये श्वास घेत मेसेज मोठ्यानं वाचला. "हवा सोडायची टाकीची." श्वास. "चाकांची बघायची." श्वास. "तेलाची पातळी तपासायची." श्वास. "जाळी झटकायची." श्वास. "ताडपत्री घालायची. बरोबर लिहिलंय की. चाकांची हवा बघायची म्हणतायत, कमी-जास्त आहे का ते."

मास्तरीणबाईंनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं, आणि मग त्या काही न बोलता चादरी भिजवायला आत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

चौतीस वर्षांत त्यांनी मुलांची हजारो वाक्यं फोडली होती, आणि आज एका वाक्यानं त्यांना फोडलं होतं. आठ महिन्यांत या घरानं पहिल्यांदा आपल्यावर एक काम सोपवलं आणि आपण काय केलं? जावयाचं वर्षभराचं काम दोन चाकांतून फुस्स करून सोडून दिलं. लेकीला काय तोंड दाखवायचं? आणि नेमकी त्याच वेळी फाटकाबाहेर जीप थांबली.

इंजिनिअरबाई वीस मिनिटं लवकर आल्या होत्या. तरुण, चटपटीत, हातात वही, मागे ड्रायव्हर. त्यांनी कॉम्प्रेसर बघितला, बसलेली चाकं बघितली, आणि टोपी घातलेल्या, पायापासून डोक्यापर्यंत धुळीनं माखलेल्या मास्तरांकडे बघितलं.

"काका, हे काय? चाकांत हवाच नाही?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं, आणि ते चार शब्दांत देता आलं असतं. पण वर्गात मुलांनी अडचणीचा प्रश्न विचारला की ज्या आवाजात मास्तर बोलायचे, तो आवाज त्यांच्या घशातून आपोआप बाहेर आला.

"नाहीच," मास्तर म्हणाले. "आम्ही सोडतो. देखभाल सुरू करायच्या आधी."

"मुद्दाम?"

"दीड टनाचं यंत्र आहे, बाई. माणूस खाली हात घालून काम करत असतो. दगड लावले, ठोकळे लावले, तरी घरंगळायचं ते घरंगळतंच. चाकांत हवाच नसेल तर जाईल कुठे?"

पंक्चरवाल्यानं पायाखालचा पंप हळूच ताडपत्रीखाली सरकवला.

इंजिनिअरबाईंनी वही उघडली. "हे मी कुठेच बघितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आणि गंमत बघा, त्यांना हसू वगैरे आलं नाही. उलट त्या लिहायला लागल्या. "मागच्याच महिन्यात आमच्या एका माणसाच्या पायावरून कॉम्प्रेसर गेला. अंगठा फ्रॅक्चर. आणि मग काम झाल्यावर हवा भरता कशानं?"

मास्तरांनी पंक्चरवाल्याकडे बघितलं, पंक्चरवाल्यानं छताच्या पत्र्याकडे बघितलं.

"हां, आलं लक्षात," इंजिनिअरबाईच म्हणाल्या. "यंत्रच स्वतःची चाकं स्वतः भरतं. म्हणजे रोजच्या रोज यंत्राची परीक्षापण होते. बिघडलं असेल तर जागचं हलणारच नाही."

मास्तर आणि पंक्चरवाला एकमेकांकडे बघत राहिले. एकशे सत्तर वेळा पाय मारला होता तिघांनी मिळून, आणि तेही कशाशेजारी उभं राहून? तर रस्ते फोडणाऱ्या हवेच्या यंत्राशेजारी.

"अर्थातच," मास्तर म्हणाले.

"मग दाखवा ना सुरू करून."

आता आली का पंचाईत! किल्ली जावयाच्या खिशात, आणि यंत्र सुरू कसं करतात ते खिडकीतून कधी नीट दिसलं नव्हतं. मास्तरांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि यंत्राचे प्रकार, यंत्र या शब्दाची व्युत्पत्ती, असं काहीबाही सुरू केलं. सात-आठ मिनिटं त्यांनी खिंड लढवली. इंजिनिअरबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. एवढ्यात लेकीची गाडी आत शिरली.

जावई उतरला. तोंडात कापसाचे दोन बोळे, एक गाल भोपळ्याएवढा. त्यानं आधी चाकं बघितली. मग सासऱ्यांच्या डोक्यावरची आपली टोपी बघितली. त्याचे डोळे बोळ्यांपेक्षा मोठे झाले.

"उई आंइअं आआंई ओआआ?" जावई म्हणाला.

"काय म्हणतात?" इंजिनिअरबाईंनी विचारलं.

जावई काय म्हणाला, ते तिथल्या प्रत्येक घरच्या माणसाला कळलं होतं. कुणी सांगितलं चाकांची सोडायला, असं तो म्हणाला होता. मास्तरांनाही कळलं होतं.

"म्हणतायत, आता भरून दाखवतो," मास्तरांनी भाषांतर केलं.

"आआ!" जावई ओरडला.

"म्हणतायत, आनंदानं."

इंजिनिअरबाईंनी मान डोलावली. "तुमच्या सासऱ्यांनी सगळी पद्धत समजावून सांगितली मला. फार छान वाटलं. आमच्याकडे कुणी इतका विचारच करत नाही."

जावयानं सासऱ्यांकडे बघितलं. मास्तरांची मान खाली होती आणि टोपी नाकापर्यंत आली होती. काय वाटलं असेल ते असो, पण जावई गप्प बसला. त्यानं जाताजाता टाकीचा उघडा राहिलेला कॉक बंद केला, फिल्टरची जाळी काढून गुडघ्यावर आपटली, परत बसवली आणि किल्ली फिरवली. कॉम्प्रेसर धडधडला. काटा चढला. जावयानं नळी जोडली, चाकाला लावली, आणि ज्या चाकानं तीन माणसांचा जीव घेतला होता ते दीड मिनिटात टणक होऊन उभं राहिलं. दुसरं त्याहूनही लवकर भरलं. पंक्चरवाल्याला ते बघवेना, तो आपला पंप घेऊन निघून गेला.

"पास," इंजिनिअरबाई म्हणाल्या. ड्रायव्हरनं दांडी हुकात अडकवली, आणि पिवळं धूड जीपमागून डुलत डुलत गेलं.

लेक बापाकडे बघून हसली. "बाबा, काय केलंत काय तुम्ही?"

"समजूत घातली," मास्तर म्हणाले. त्यांच्या अंगात पुन्हा बळ आलं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत तर त्यांची खात्रीच पटली, की आपण हे सगळं आधीपासून ठरवूनच केलं होतं. रात्री बोळे निघालेल्या जावयाला त्यांनी विरामचिन्हांवर अर्धा तास ऐकवलं. जावई ऐकून घेत होता. काम मिळालं होतं, आणि दाढेच्या जागी अजून ठणका होता.

दहा दिवसांनी खात्याचं पत्र आलं. वर्षभराचं काम मंजूर. लेकीनं मोठ्यानं वाचलं, जावयानं आनंदानं मास्तरांचा हात हातात घेतला. मग लेक दुसऱ्या पानावरच्या अटी वाचायला लागली, आणि सातव्या अटीला तिचा आवाज हळू झाला.

"यंत्राची दैनंदिन देखभाल सुरू करण्यापूर्वी दोन्ही चाकांतील हवा पूर्णपणे सोडावी व देखभाल संपल्यावर यंत्राच्याच साहाय्याने पुन्हा भरावी. ही पद्धत खात्याकडे असलेल्या सर्व चौदा कॉम्प्रेसरांना लागू राहील. प्रत पुढील मालकांना माहितीसाठी रवाना."

जावयाचा गाल आता पार उतरला होता, जीभ मोकळी होती, म्हणेल ते शब्द उच्चारता येत होते. त्यानं मास्तरांचा हात सोडला. "बाबा," तो शांतपणे म्हणाला, "यंत्र रात्री घरी येतं आणि सकाळी साडेसातला बाहेर पडतं. म्हणजे तुम्हाला साडेसहाला सुरू करावं लागेल."

आता मास्तर रोज सकाळी साडेसहाला चाकाशी उकिडवे बसलेले दिसतात. आराम करा म्हणून त्यांना या घरात कुणी सांगत नाही. परवा ते असेच पिन दाबून बसले असताना शेडमधला फोन वाजला. पलीकडे उरलेल्या तेरा मालकांपैकी कुणी तरी होता, आणि त्याच्या मागून फुसफुस ऐकू येत होती.

"ही चाकांची अट म्हणे तुमच्याकडच्या कुणा मास्तरांनी सुचवली," तो दात खाऊन म्हणाला. "जरा भेटायचं होतं त्यांना. आम्ही आठ-दहा जण येतोय. आहेत का घरी?"

मास्तरांनी टोपी पुढे ओढली. "ते गावाला गेलेत," ते म्हणाले. "कधी येतील काही सांगता येत नाही." आणि फोन ठेवून ते दुसऱ्या चाकाकडे वळले.